सान्नांत घातलेली माडी

सोमवार, १२ डिसें. ५५, माझगाव

शेजारच्या खोलीतल्या मारीमावशीला काळ्या वाटाण्याचं सांबारं शिकवलं. वाटप तिने माझ्याहून बारीक वाटलं, लबाड. बदल्यात ती नाताळला सान्नं शिकवणार. उकड्या तांदळाची, वाफवलेली, गोडसर. म्हणाली, "सोडा घालूया गो, सूर खंय मेळता आता?" सूर म्हणजे आपली माडी. दारूबंदी आहे, मला काय ठाऊक नाही? तरी हट्ट धरला, शिकायचं तर अस्सल. वसईहून तिचा भाऊ आणील म्हणाली.

शुक्र. १६

ह्यांनी गोदीतून येताना संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं आणली. गठ्ठाच. फाउंटनला गोळ्या झाडल्या त्याला महिनासुद्धा झाला नाही. "तांदळाच्या डब्यात ठेव, दोन-चार दिवस." खोली एक, डबे तीन, दुसरी जागा कुठली असणार. सापडली तर हे आत, नोकरी गेली, मग गावाला जाऊन खायचं काय... वहीत पत्रकांना 'पापड' म्हणायचं ठरवलं होतं. आता सगळं लिहूनच बसले. शहाणी.

मंगळ. २०

खालच्या मजल्यावर पोलिसांची झडती. एकाला नेलं. भात लावायचा तर डबा उघडवत नाही, दोन्ही वेळा भाकऱ्याच थापल्या. हे विचारतात, "भात का नाही?" म्हटलं, तुम्हीच काढा तांदूळ. त्यांनी भाकरीच पुढे ओढली.

'पापड' अजून तिथंच.

शुक्र. २३



दुपारी मावशी पीठ वाटायला माझ्याकडे बसली होती, तिच्याकडे रगडा नाही. तिने सांगितलं ते आधी टिपते, नाहीतर विसरेन. उकडे तांदूळ दोन वाट्या, रात्रभर भिजवून. ओलं खोबरं एक वाटी. अगदी बारीक वाटायचं. मग माडी, पीठ पळीतून जाड पडेल इतकीच. साखर, मीठ. झाकून ठेवायचं आणि फुगेपर्यंत हात लावायचा नाही.

माडी ओतली आणि दारात हवालदार. बाटली मीच ओट्यावर उघडी ठेवलेली. त्याने भांडी हलवली, पिठाच्या डब्यात हात घातला, मग तांदळाच्या डब्याचं झाकण धरलं. तेवढ्यात त्याला वास आला.

"ही कुणाची?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मावशीने त्या डब्याकडे एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "म्हजी. हिका कांयच खबर ना."

झाकण सोडून तो तिलाच घेऊन गेला. बाटलीही नेली. तिला 'पापडांचं' केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. मी तिला कधी बोलले नव्हते. आणि हवालदारासमोरही एक शब्द बोलले नाही.

शनि. २४

'पापड' ह्यांनी पहाटे हलवले. मावशी आलेली नाही. तिच्या दाराला मीच कडी घातली. हे म्हणतात, "चौकीत गेलीस की तुलाही आत घेतील. गप्प बस." भ्याले आहे, खोटं कशाला लिहू. लाजही वाटते, ती भीतीहून वाईट. तांदळाच्या डब्यात आता नुसते तांदूळ आहेत, म्हणजे गप्प बसायला माझी स्वतःची भीती तेवढी उरली.

पीठ पातेल्याबाहेर आलं होतं. तिच्याच वाट्यांना तेल लावून वाफवलं. पहिल्याच खेपेला जाळी पडली. तिला दाखवायला हवी होती. दहा सान्नं जेवणाच्या डब्यात भरलीत. झाकण लावूनही वास येतोय.

लुगडं बदललं. हे दारात उभे आहेत, बाजूला होत नाहीत. चौकीत डबा उघडतील आणि विचारतील, ह्यात काय घातलंय. तेवढं एकच उत्तर मला नीट येतं: माडी, माझ्या हट्टाने आणलेली.