चमचा टफीकडे राहिला

प्रिय नेव्हिलमामा,

घाबरलेल्या माणसाला खरं सांगावं की धीर द्यावा? हा प्रश्न घेऊन मी महिनाभर होल्मविकमध्ये दारोदार फिरले आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही. विद्यापीठात कुणी विचारलं असतं तर पटकन म्हटलं असतं, खरं सांगावं. तिथे कुणाचं घर कड्यावर नव्हतं.

उद्या कौन्सिलचं मतदान आहे. आई स्वयंपाकघरात माझा पांढरा शर्ट इस्त्री करते आहे. बाहेरचं फाटक वाऱ्याने जरा वाजलं की तिचा हात थांबतो, इस्त्री हवेतच राहते. मग ती मोठ्याने म्हणते, "वाराच मेला," आणि पुन्हा सुरू करते. मी मान वर करत नाही. आम्ही दोघी एकमेकींना फसवतो आहोत, आणि दोघींनाही ते ठाऊक आहे.

उमेदवारीचा अर्ज भरताना मला विचारलं होतं, मतपत्रिकेवर घरचा पत्ता छापायचा की नुसतं गावाचं नाव? हल्ली बरेच उमेदवार पत्ता लपवतात म्हणे. मी म्हटलं, छापा. ज्या गावात मी लहानाची मोठी झाले तिथे कुणापासून लपायचं? तुला हे सांगितलं तेव्हा तू किती हसलास! "आमची शहाणी! निवडून आलीस की लोक रात्री-अपरात्री गटार तुंबलं म्हणून दार बडवतील." तेव्हा दार वाजण्याचा विनोद होत होता.

प्रचार कसा करायचा तेही तूच शिकवलंस, नाही का? पत्रक दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोटांनी ढकलायचं नाही, पलीकडे कुत्रं टपलेलं असतं. लाकडी चमच्याने ढकलायचं. आईने तिच्या आईचा जॅमचा चमचा काढून दिला, टोकाला जळलेला, दांड्यावर खाच असलेला. तुम्ही दोघं लहानपणी तो चाटायला भांडायचात तोच. तो कोटाच्या खिशात घालून मी निघाले की मला उगाचच वाटायचं, घरातली सगळी माणसं माझ्याबरोबर आहेत.

मग चर्चच्या हॉलमधली ती सभा झाली. गारसाइडसाहेब उठले, दोन्ही हात पसरले, आणि म्हणाले, "मला मत द्या, मी कड्याखाली समुद्राला भिंत बांधतो." टाळ्या थांबेनात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं की भिंत होणार नाही. झाली तरी टिकणार नाही. कडा चिकणमातीचा आहे, खालून सुटतो. जो पैसा आहे तो कड्यावरच्या मरीन रोच्या लोकांना आत, गावात घरं द्यायला वापरू या, हातात वेळ आहे तोवर. मागून कुणीतरी ओरडलं, "शिकून आली आणि समुद्राची वकिली करते!" लोक हसले. तेव्हा तू उभा राहिलास. मला वाटलं, तू माझ्या बाजूने बोलणार. तू म्हणालास, "सांग गं, या सगळ्यांसमोर सांग. आजपासून माझं कड्यावरचं घर कोण विकत घेईल?"

मी कागद गोळा करून खाली बसले, मामा. कारण तू विचारलंस ते बरोबर होतं.

पण मातीची गोष्ट मी आधी पुस्तकातून नाही, तुझ्याकडून शिकले. मी सहा-सात वर्षांची असताना तू मला बागेच्या टोकाला नेलंस आणि म्हणालास, "कडेला उभं राहायचं नाही, पोटावर झोपून बघायचं." खाली लाटा तपकिरी होत्या. तू म्हणालास, "ती आपली बाग चाललीय बघ." समुद्राला तू 'शेजारी' म्हणायचास. आज शेजारी गप्प आहे, आज शेजारी भांडायला आलाय. आपल्या घरात विद्यापीठात गेलेलं कुणी नव्हतं. तू तुझ्या व्हॅनमध्ये माझी गादी, किटली आणि मला घालून पोचवायला आलास, आणि परतताना म्हणालास, "शेजाऱ्याचं काय करायचं ते शिकून ये." मी तेच शिकून आले रे.

सभेनंतर सुरुवात झाली. पायरीवर मेलेला समुद्रपक्षी. खिडकीवर अंडी. दुकानात माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने माझ्याच कानाशी आमच्या घराचा नंबर हळूच म्हटला, नुसता नंबर, आणि ब्रेड घेऊन निघून गेला. हॅक्सबीबाईंनी दार बोटभर उघडून सांगितलं, "मत तुलाच देईन गं पोरी, पण तुझ्या नावाचा कागद माझ्या खिडकीत नको. मी एकटी राहते." मी घरी येऊन हसत हसत आईला सांगितलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

त्यानंतरच्या शनिवारी मी मरीन रोला आले. तुझी व्हॅन नव्हती. असती तरी घंटा वाजवायचं धाडस झालं असतं का, माहीत नाही. मी पत्रक घडी करून चमच्याने तुझ्या दारातून आत ढकललं. तुझा टफी भुंकला नाही, त्याला माझा वास आला असणार. त्याने चमचा पकडला आणि काठी ओढतो तसा ओढायला लागला. मी इकडून, तो तिकडून. त्या सगळ्या दिवसांत मी पहिल्यांदा खरी हसले. शेवटी सोडून दिला. म्हटलं, राहू दे टफीकडे. रविवारी मामा जेवायला येईल, चमचा टेबलावर आपटेल, "तुझं हत्यार विसरलीस," म्हणेल, आणि भांडण मिटेल. आईने तुझं ताट मांडलं होतं. बटाटे गार होईपर्यंत आम्ही थांबलो.

गेल्या शुक्रवारी दुपारी मी घरी आले तर दारातच रॉकेलचा वास. आई गुडघ्यांवर बसून पायपुसण्याच्या जागची फरशी घासत होती. "सांडलं गं काहीतरी," म्हणाली. आमच्याकडे रॉकेल नाही, मामा. कधीच नव्हतं. तिला सर्दी झाली होती म्हणून ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला गेली नव्हती. जिन्यावर बसून गरम लिंबूपाणी पीत होती, तेव्हा दाराच्या फटीतून भिजलेलं फडकं आत आलं. काडी पडली नाही. नुसतं फडकं, आणि त्याच्या मागून आणखी काहीतरी. ते काय होतं, हे तिने सांगितलं नाही. मला ते कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली सापडलं. चमच्याचे दोन तुकडे होते. दांड्यावर खाच होती, आणि तिच्या शेजारी टफीच्या दातांच्या खुणा.

मी ते तुकडे टेबलावर ठेवले. आईने ते जुळवून पाहिले. मग म्हणाली, "घरी कुणी नसेल असं वाटलं असेल त्याला." तिने नाव घेतलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "लहानपणी घाबरला की तो वस्तू मोडायचा." आणि मग, "कर्स्टी, माझा एकच भाऊ आहे."

तेव्हापासून ती पुढच्या खोलीत झोपत नाही. दाराच्या फटीला तिने आतून ओला टॉवेल खिळ्यांनी ठोकलाय. पोस्टमन पत्रं पायरीवर ठेवून जातो. मला गारसाइडसाहेबांची भीती वाटत नाही, दुकानातल्या त्या माणसाचीही आता तेवढी वाटत नाही. मला भीती वाटते ती तुझ्या व्हॅनच्या आवाजाची, जो आवाज ऐकला की मी लहानपणी धावत फाटकाशी यायचे. कदाचित चमचा तू कुणाला दिला असशील. कदाचित तुझ्या दारातून कुणी उचलला असेल. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. तुझ्या शेडमधल्या बोटीच्या कंदिलाचा वास मला पाठ आहे.

मी निवडून येईन की नाही, ठाऊक नाही. आले तर पहिलं घर तुझ्यासाठी मागेन, आणि तू ते माझ्याकडून घेणार नाहीस, हेही ठाऊक आहे. हे पत्र मी संध्याकाळी स्वतः येऊन तुझ्या दारातून ढकलणार आहे, चमच्याशिवाय, बोटांनी. टफी मला चावणार नाही. तुला हे दुसऱ्या कुणाकडून नाही, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. आज सकाळी मी आणि आई बसने पोलीस ठाण्यात गेलो. आई आत आली नाही, बाहेर थांब्यावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. मी ते दोन तुकडे टेबलावर ठेवले, आणि चमचा शेवटचा कुणाच्या घरी राहिला होता ते सांगून, सही करून आले.

तुझीच,
कर्स्टी