भाल्याचा शनिवार

डॉफिन, मॅनिटोबा
ता. २ जुलै १९३४

चि. परास्का हिस आजी वर्वाराचे पोटभर आशीर्वाद. येशूची कृपा असो.

इकडे सगळे खुशाल. शब्द माझे, अक्षर शाळेच्या मास्तरांचं. तेव्हा छान दिसलं तर शाबासकी त्यांना दे.

बातमी अशी की, संत पेत्रोचा उपवास सुटला की शनिवारी, चौदा तारखेला, मात्वीकडची दोन वडीलधारी माणसं पाव घेऊन तुला मागणी घालायला येणार. मात्वी म्हणजे तोच, धान्यकोठारातला, बोलताना टोपी पिळणारा. होकार असेल तर त्यांच्या खांद्याला भरतकामाचा पंचा बांध, नकार असेल तर हातात भोपळा दे. पण उत्तर मुलीनेच द्यायचं, ही आपली रीत. तुझी आई आत्तापासूनच पंचे इस्त्री करते आहे. शेजारणी विचारतात, भाला फेकणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? मी म्हटलं, ज्याला जोरात पळता येत असेल तो.

लोभ आहेच, तो भाल्याइतका लांब फेकू नकोस.
आजी

विनिपेग
ता. ६ जुलै १९३४

ती. आजीस सा. न. वि. वि.

चौदा तारखेलाच इथे निवड आहे गं! पहिल्या दोघींना स्पर्धेसाठी इंग्लंडला नेणार. दिवसभर कारखान्यात शिवणयंत्र चालवून तीन वर्षं संध्याकाळी भाला फेकला, तो याच दिवसासाठी. मी तिकडे आले तर निवड गेली. न आले तर त्यांचा अपमान.

आणि तू विचारणारच, म्हणून सांगते: मात्वी मला नकोसा नाही. हे आईला सांगू नकोस, आणि मास्तरांना म्हणावं, एवढं हळू आवाजात वाचा. आता तूच सांभाळ.

मायेची पाखर राहू दे.
तुझी परास्का

डॉफिन
ता. १६ जुलै १९३४

चि. परास्का हिस आजीचे आशीर्वाद, आणि या खेपेस एक धपाटाही.

पाहुणे आले, मागोमाग मात्वीही. मी सांगितलं, पोर भाला फेकायला गेली आहे. त्यावर मात्वीचे थोरले काका गुरगुरले की, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही तर आम्ही नकारच समजू. तुझ्या आईने घाबरून स्वतःच त्यांच्या खांद्याला पंचा बांधून टाकला! मी तो दातांनी सोडवला. माझे तीनच दात उरलेत, हे लक्षात घे. काका तणतणले. तेवढ्यात मात्वी टोपी पिळत पुढे झाला आणि म्हणाला, चला काका, जिला विचारायचं तीच घरात नाही. पाव घेऊन सगळे परत गेले. तुझी आई रडली, मग जेवली.

आज सकाळी स्टेशनवर तार आली. तू दुसरी! ती सांगायला मात्वी धावत आला. मास्तर भावाकडे गवत कापायला गेलेत, म्हणून मी यालाच पेन्सिल देऊन बसवलंय. त्याच्याविषयी तू जे कळवलंस ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. बघ, लिहायचा थांबून माझ्याकडे बघतोय. लिही रे!

बोटीत पोटभर खा. एक ओळ आपली घालू का, असं हा विचारतोय. घाल म्हटलं, मला कुठे वाचता येतंय?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आजी (फुली माझी)

ता. क. इंग्लंडला जा. सप्टेंबरात मी काकांना न घेता येईन. तू नाही म्हणालीस तरी भाला किती लांब गेला, ते तुझ्या तोंडून ऐकूनच परत जाईन. आजी विचारतेय, एका ओळीला एवढा वेळ का. — मात्वी