माझ्या लग्नाची वेळ आणि पॅसिफिक महासागर

शिरपूर जैन,
२१ एप्रिल

आदरणीय गोविंदामामा यांस,

भाची धम्मदीपाचा सविनय जयभीम. मामींचा गुडघा आणि तुमच्या कूलरचा पंप, दोघांचीही तब्येत आता बरी असावी. इकडे आई आणि आजी मजेत आहेत. बाबांचं पुढे लिहिते. (फोनच केला असता, पण आपल्या घरात फोनवरचं बोलणं बाबांना अंगणातूनही ऐकू जातं.)

अठरा मेला माझं लग्न आहे आणि वेळ दुपारी साडेबाराची ठरली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आपल्यात मुहूर्त नसतो. पाहुण्यांनी जेवून चारची एसटी गाठावी, एवढाच त्यामागचा विचार. पण गेल्या उन्हाळ्यात मंजुषाताईच्या लग्नात बाबा पंगतीत वाढता वाढता कोसळले आणि दोन दिवस सलाइनवर होते. पुन्हा ऊन लागलं तर निभावणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यात यंदा एल निनो आहे. म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं, वारे बदलतात आणि आपल्याकडे उन्हाच्या लाटा वाढण्याची शक्यता असते. बी.एस्सी.ला मी हे शिकले, म्हणून परातीत पाणी घेऊन, एका बाजूने गरम पाणी ओतून सगळ्या घराला समजावलं. आजीने विचारलं, “मंग यंदा ऊन जास्त पडनच काय?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, खात्री नाही, शक्यता वाढते. तिथेच घात झाला. बाबा म्हणाले, “माह्या आज्यानं पंचांग सोडलं, आन् तू परातीत समुद्राचं पंचांग घिऊन आली! लगन साडेबारालेच लागन.”

मग संध्याकाळच्या वेळेसाठी मी भावकीचं मत वळवायचं ठरवलं. लोक घरी सापडतात ते दुपारीच, म्हणून दुपारीच फिरले. अकराव्या घरी, हिरीबाईंच्या ओसरीवर, उष्माघाताची लक्षणं सांगताना तिसऱ्या लक्षणाला मला स्वतःलाच चक्कर आली. हिरीबाईंनी ओलं लुगडं माझ्या अंगावर टाकलं आणि नंतर गावभर सांगितलं, “पोरीनं करूनबी दाखोलं!” बाबांनी मला दवाखान्यात नेलं, तेही भर उन्हात, डोक्याला दुपट्टा न बांधता. (मीच लिहून दिलेला लक्षणांचा कागद त्यांच्याच खिशात होता.)

बाकी सर्व ठीक.

तुमची,
धम्मदीपा

ता.क. पत्रिका छापून आल्या. त्यांत वेळ संध्याकाळी साडेसहा आहे. नवरदेवाच्या, म्हणजे धम्मरत्नच्या घरी ती चालते. बाबांना अजून दाखवलेली नाही. पहिली पत्रिका मामाची, म्हणून सोबत ठेवली आहे. वेळ मुलाकडच्यांनीच बदलली, असं तुम्ही बाबांना सांगावं. (खोटं बोलणं मला पटत नाही, म्हणून तुम्हाला विनंती.)

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवायला बाबांकडे दिलं, ही चूक माझीच. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. मग म्हणाले, “‘बाबा, तुमची काळजी वाटते,’ यवढं म्हनायले काय झालतं? त्याच्यासाठी समुद्र कायले तापवला?” साडेसहा मान्य झाले. पण आता म्हणतात, लग्न संध्याकाळी आहे तर दुपार मोकळीच आहे, मांडव मी स्वतःच बांधतो. तेव्हा मामा, खोटं काही बोलू नका, फक्त आदल्या दिवशीच या. समुद्राकडे मी पाहते, बाबांना तुम्ही धरा.