उलट बसलेली तोफ

माहूज, बहारीन
५ एप्रिल १९९४

चि. हेरंबभाऊजींना,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल, असं लिहायला हात गेला. इकडे आता मी आहे.

माझा व्हिसा ह्यांच्या नोकरीवरचा, म्हणून महिनाअखेर निघायलाच हवं. ह्यांचं नेपोलियनचं सगळं शिशाचं सैन्य खोक्यांत भरून बोटीने पुढे पाठवलं. मागे राहिला एक गाडा. तोफ ओढणारे चार शिशाचे घोडे आणि त्यांची दुचाकी गाडी एवढंच ह्यांनी रंगवलं होतं, तोफ सुटी पडून होती. दिवाळीच्या रजेत तुमच्या जेवणाच्या टेबलावरच्या फाशांच्या लढाईत हा गाडा उतरवून तुम्हाला हरवणार होते.

तो मी पुरा केला. ह्यांचं इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी, असं वाचत तोफेचं लाकूड हिरवट रंगवलं. सगळं प्लायच्या तुकड्यावर पक्कं चिकटवलं. वर साखीरच्या वाळवंटातली वाळू, ह्यांच्यासारखीच चहाच्या गाळणीतून गाळून. युरोपातल्या शेतात बहारीनची वाळू कशी, म्हणून तुम्ही चिडवायचात. तरी तीच घातली.

फोटो सोबत आहे. कसा जमलाय ते खरं सांगा. ह्यांचं एवढं एकच काम अर्धं राहिलं होतं.

दोघांवरचा लोभ आता एकटीवर ठेवा.

तुमची,
सुनंदावहिनी


पुणे
१६ एप्रिल १९९४

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

रंग दादापेक्षा सफाईचा आहे. तो शिपायाला मिशी काढायला जायचा आणि दाढीच रंगवून बसायचा.

पण तुम्ही खरं विचारलंत. वहिनी, तोफ उलट बसली आहे. ओढून नेताना तिची शेपटी गाडीला अडकवतात आणि तोंड मागे राहतं. तुमची तोफ आपल्याच घोड्यांवर रोखलेली आहे. पाहून मी मोठ्याने हसलो. मग फोटो घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

गोंद सुटत असेल तर बघा. तिकडे येता येत नाही आणि इथे बसून नुसत्या चुका काढतोय.

राग आला तरी लोभ सोडू नका.

आपला,
हेरंब


माहूज
२७ एप्रिल १९९४

चि. हेरंबभाऊजींना,
अ. आ.

गाडा तुबलीला झुबेरकडे नेला. आपली गाडी दुरुस्त करतो ना, तो रत्नागिरीचा. गॅरेजचं काम बाजूला ठेवून पातळ पातं घेऊन बसला. शेवटी म्हणाला, भाभी, खलास, आणखी जोर लावला तर घोड्यांचे पाय जातील. मी थांब म्हटलं. त्याने चहा मागवला.

पुस्तकातल्या प्रत्येक चित्रात तोफा शत्रूवर रोखलेल्या आहेत. जाताना त्यांचं तोंड मागे असतं, हे कुठल्याच पानावर नव्हतं. एरवी आतल्या खोलीत हाक मारून विचारलं असतं.

तुम्ही माझ्या नावामागे सौ. लिहिलंत. सवयीने लिहिलं असेल. मी ते खोडलं नाही. भेटल्यावर त्याची माफी मागू नका. समोर बोलता येणार नाही म्हणूनच लिहितेय. हे पत्र माझ्यामागून पोचेल.

परवा निघते. गाडा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलाय. दिवाळीला टेबल मांडा. ह्यांच्या बाजूने फासे टाकायला कुणी नाही, तरी गाडा आहे तसाच उभा करा. तोफ सरळ करायला जाऊ नका.

लोभ असू द्या, चुकीसकट.

सुनंदावहिनी