आईच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

बाबा, काल तुमची दुर्बीण पुसायला काढली आणि तुमच्याशी भांडावंसं वाटलं. तेव्हाचं भांडण अर्धंच राहिलं होतं ना!

मालवणच्या बाजारात आपला फोटो स्टुडिओ. वीज यायची होती, कौलांत बसवलेल्या काचेतून येईल त्या उजेडात तुम्ही फोटो काढायचात. काळ्या कापडाखाली शिरून फोकस लावलात की कॅमेऱ्याला कुणी बोट लावायचं नाही. मी एकदा लावलं तर केवढे ओरडलात! म्हणूनच मुंबईत दोन जुन्या दुर्बिणी विकायला आहेत असं कळलं, तेव्हा मी धरूनच चालले की तुम्ही कॅमेरा जोडायची ती आणणार, जड लोखंडी स्टँडवरची, ताऱ्यांमागे आपोआप फिरणारी. दुसरी नुसती डोळ्याने बघायची. रुंद आरसा, खाली बैठकीला लाकडी घोडा, हाताने सरकवा. तुम्ही नेमकी तीच घेऊन बोटीतून उतरलात. मी फणफणले. आईचे डोळे अधू, जाड चष्म्यातूनही तिला चांदणं म्हणजे नुसता धूर. फोटो असता तर नाकाशी धरून तरी बघितला असता तिने! तुम्ही एवढंच म्हणालात, "अगो, फोटोत मियां बघितलेला दिसतला. तिका तिचा बघूंदे."

पौषातली संध्याकाळ, जेवणं व्हायची आहेत. घरापुढच्या खळ्यात दुर्बीण कृत्तिकांच्या पुंजक्यावर रोखलेली, आई चष्मा काढून, पदर सावरून वाकली आहे. तुम्ही फोकसची चकती जराजरा फिरवताय, "आता? आता?" विचारताय, इतक्या हळू आवाजात की गिऱ्हाइकांनी ऐकलं असतं तर ओळखलं नसतं तुम्हाला. आणि एकदम, "अगो बाय माझे! ह्यो कृत्तिका सुट्यो सुट्यो आसत गो!" हसता हसता रडायला लागली. तुम्ही तिचा चष्मा तुमच्या धोतराला पुसत बसलात. मग दटावलंत, "आता फोकसाक कोणी हात लावूचो नाय."

तुम्हीही लावला नाहीत. फोकस आईच्या डोळ्याचा, म्हणून आपण दोघं धुरकट बघायचो आणि आई काय दिसतं ते सांगायची.

आता तुम्ही दोघंही नाही. काल माझा मुलगा त्यातून बघून म्हणाला, "आई, सगळं धूसर आहे, फोकस फिरवू?" मी अशी ओरडले की तो दचकलाच. आवाज अगदी तुमचा निघाला, बाबा.

हे पत्र कुठे टाकायचं, राहील इथेच, दुर्बिणीच्या पेटीत. भांडण मी सोडलं. फक्त एक सांगते, कृत्तिका सुट्या दिसतात हे मला अजून आईच्या तोंडूनच माहीत आहे.