रावजीच्या कपाटातलं रुखवत

डोंबिवली,
२४ सप्टेंबर २०२४

ती. हरिदादांस,
शि. सा. न. वि. वि.

गणपतीत घाईघाईत बोलणं राहून गेलं. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मृणालीला मध्ये घालून घरच्या गोष्टी बोलणं मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून पत्र.

घरातली माझी अर्धी बाजू दिवाळीनंतर पर्यटकांना द्यायची म्हणतो. आरे-वारेला येणारी माणसं मालगुंडपर्यंत खोल्या शोधत फिरतात आणि आपल्या खोल्या आपण वाळवीला दिलेल्या. तेव्हा तेवढं सामान हलवून घ्यावं. पलंग, मांडणी, पाळणा, माजघरातलं कपाट, सगळी जुनी लाकडं. तुमच्या कामाचं असेल ते तुमचं, नाहीतर बंबात घाला. कपाटाची किल्ली कधीच हरवली, कुलूप फोडलंत तरी चालेल. आत काय आहे ते आठवत नाही, विशेष काही नसावं.

माझ्या नातीचं, सानवीचं, लग्न ठरतंय. मुलगा रत्नागिरीचाच. पक्कं झालं की कळवतो. मृणालीस आशीर्वाद.

लोभ आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.

आपला धाकटा भाऊ,
रावजी

*

मालगुंड,
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

चि. रावजीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘तुमच्या कामाचं असेल ते तुमचं’ हे वाक्य मी शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं. संध्याकाळी पायरीवर बसून चालीत म्हणूनही बघितलं. बरं बसतं.

माझी नात मृणाली गावातल्या बायकांना मणीकाम, विणकाम शिकवते हे तुला ठाऊक आहे. तिचा सारा पसारा बिस्किटांच्या डब्यांत आणि दुकानाच्या पिशव्यांत असायचा. मणी शोधायला गेलं की बटणं हाती यायची. तुझ्या लाकडांनी तिची सोय झाली. धोंडू सुतार आठवडाभर येत होता.

तुझ्या पलंगाची डोक्याकडची नक्षीची फळी आठवते ना, जिला टेकून तू सुट्टीत पडायचास आणि माझ्या बायकोला चहा आणायला सांगायचास? ती आता भिंतीवर उभी आहे. धोंडूने तिला खुंट्या मारल्या आणि प्रत्येक खुंटीवर दोऱ्याचं एकेक रीळ बसलं. भांड्यांच्या मांडणीत डिंकाच्या आणि रंगाच्या बाटल्या गेल्या. पळ्या-झारे अडकवायची पट्टी होती, तिला कात्र्या लोंबतात. पाळणा आढ्याला टांगून त्यात लोकरीचे गुंडे ठेवलेत. याच पाळण्याला झोके देत मी तुला दुसरीच्या पुस्तकातल्या कविता म्हणून निजवायचो. गुंडे तुझ्यापेक्षा गुणी आहेत, रडत नाहीत.

राहिलं कपाट. धोंडूने छिन्नी उचलली तेव्हा मी त्याला थांबवून तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मगच त्याला कुलूप फोडू दिलं. भावाच्या वाटणीतल्या कुलपाला हात लावायचा नाही ही आपल्या घराची रीत. तुझ्या वहिनीने, काशीने, ती मरेपर्यंत पाळली. मी कितीदा म्हटलं, फोडतो. ती म्हणायची, ज्याने लावलंय त्यानेच काढायला हवं.

आत काय होतं ते तुला आठवत नाही म्हणतोस, तर सांगतो. मेधाच्या, तुझ्या लेकीच्या, लग्नासाठी काशीने पावसाळाभर बसून केलेलं रुखवत होतं. काचेच्या मण्यांचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, लोकरीचं तोरण, आणि आरेच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या शिंपल्यांचं शिडाचं गलबत. मणी जडवलेल्या कापडी शिडाला थोडी कसर लागली आहे, बाकी सगळं शाबूत. तुला पुण्याच्या व्याह्यांसमोर त्याची लाज वाटली. लग्नाच्या आदल्या दिवशी तू ते कपाटात कोंबलंस, दादरहून आणलेलं तयार रुखवत मांडलंस आणि किल्ली खिशात घालून मुंबईला गेलास. काशी दर गणपतीत किल्ली मागायची. तू दर वेळी म्हणायचास, पुढच्या खेपेला आणतो.

त्या लग्नानंतर तिने सुईत दोरा म्हणून ओवला नाही. तिचं मण्यांचं सामान डब्यात राहिलं, दोरा उंदरांनी नेला.

बाकी सर्व क्षेम. तुझी आठवण आता पूर्वीपेक्षा जास्त येते, एवढं समजून असावं.

तुझा,
हरिदादा

*

डोंबिवली,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. दादांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. इतकी जुनी गोष्ट तुम्ही मनात धरून बसला असाल असं वाटलं नव्हतं. तेव्हा रुखवताला टेबलं दोनच होती, व्याही मोठ्या घरचे, माझी अवस्था तुम्ही समजून घ्यायला हवी होती. वहिनींचा अपमान करायचा हेतू नव्हता. किल्ली खरंच हरवली होती.

पण एका दृष्टीने बरंच झालं. सानवीचं लग्न मार्गशीर्षात रत्नागिरीच्या हॉलमध्ये आहे. हल्ली तयार रुखवताला कुणी विचारत नाही, हाताने केलेलं, जुन्या पद्धतीचं हवं असतं. मृणालीने पाठवलेले कपाटाचे आणि गलबताचे फोटो सानवीने सासरी दाखवले, तर तिच्या सासूबाई वेड्याच झाल्या. मीही बोलून बसलो, हे आमच्या घरचं, माझ्या वहिनीच्या हातचं. तेव्हा सर्व वस्तू नीट बांधून ठेवाव्यात. बाबल्याचा टेम्पो सांगतो. कपाटही द्यावं, त्यात मांडलं तर शोभेल. मृणालीच्या सामानासाठी मी नवीन लोखंडी कपाट पाठवतो.

मोठ्या मनाने मागचं विसरावं. वडीलकीचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
रावजी

*

मालगुंड,
२८ ऑक्टोबर २०२४

चि. रावजीस आशीर्वाद.

माझ्या वहिनीच्या हातचं, हे तुझ्या तोंडून बाहेर पडलं. काशी ते ऐकायला नाही. मी पत्र घेऊन समुद्रावर गेलो आणि मोठ्याने वाचलं. भरती होती, लाटांनी फारसं मनावर घेतलं नाही.

लोखंडी कपाट नको. तुझ्या कपाटाचे खालचे खण आता मण्यांनी भरलेत. पोवळ्याचा रंग एका खणात, मोरपंखी दुसऱ्यात, आणि त्यांतल्या सगळ्यात वरच्या खणात काशीच्या डब्यातले उरलेले मणी. वरच्या दोन कप्प्यांत रुखवत आहे, तू ठेवलंस त्याच जागी. बायका शिकायला येतात, त्या आधी ते बघतात. विचारतात, हे कुणी केलं. मी सांगतो. मग विचारतात, इतकी वर्षं कुठे होतं. तेही सांगतो. गावात आता हे सगळ्यांना माहीत झालंय, मासे घेऊन येणाऱ्या येसूबाईलासुद्धा.

रुखवत हवं असेल तर मिळेल. अट एकच. रुखवताच्या प्रत्येक वस्तूपुढे दोन ओळी लिहून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या वेळच्या ओळी काशीच्या सांगण्यावरून मीच रचल्या होत्या, तू त्या वाचल्याही नाहीस. आता सगळ्यांना मिळून एकच पाटी पुरे. मजकूर असा:

काशीच्या बोटांनी ओवला मणी न् मणी,
कुलूप लावून किल्ली घेऊन गेला रावजी घरधनी.

मात्रा थोड्या ओढाताणीने बसतात, पण मजकूर खरा आहे. ही पाटी रुखवताच्या मधोमध राहील आणि वरपक्षाच्या बायका बघायला आल्या की तू शेजारी उभा राहून वाचून दाखवशील. चालीत म्हटलीस तर उत्तम.

मंजूर असेल तर उलट टपाली कळव. प्रकृतीस जपावं, मार्गशीर्षात तू खणखणीत असायला हवास.

तुझा,
हरिदादा

*

डोंबिवली,
६ नोव्हेंबर २०२४

ती. दादांस,

नमस्कार. हे पत्र रागात लिहीत आहे, लहानाने मोठ्याला असं लिहू नये हे कळतं. व्याह्यांसमोर स्वतःच्या नावाचे धिंडवडे मी वाचून दाखवणार नाही. तुमचं रुखवत तुम्हाला लखलाभ. बाजारात पैसे टाकले की वाटेल तसं रुखवत मिळतं, तेव्हाही मिळालं होतं.

पण सानवी हटून बसली आहे. विकतचं मांडलंत तर टेबलच नको म्हणते. तुम्ही गलबत का देत नाही हे मी तिला सांगितलेलं नाही, तुम्ही म्हातारपणी हट्टी झालात एवढंच सांगितलं. आता ती दोन दिवस रजा काढून स्वतः मालगुंडला येणार आहे. तिला काही बोलू नये. नातीच्या नजरेत मला उतरवू नये, हात जोडतो.

रावजी

*

मालगुंड,
२० नोव्हेंबर २०२४

चि. रावजीस अनेक आशीर्वाद.

तू हात जोडलेस, म्हणून मी सानवीला एक अक्षर सांगितलं नाही. शब्द पाळणारा माणूस आहे मी.

ती आली, चहा घेतला आणि थेट कपाटापुढे जाऊन बसली. शिकायला येणाऱ्या बायका नेहमीप्रमाणे आल्या होत्या. तिने विचारलं, हे कुणी केलं. त्यांनी सांगितलं. मग तिने विचारलं, इतकी वर्षं कुठे होतं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे पुढचं मी चेहऱ्यांवरून वाचलं. येसूबाई सुरमई उंबऱ्यावर ठेवून आत आली होती, सगळ्यात जास्त हातवारे तिचेच.

पोरीने गलबत उचलून मांडीवर घेतलं. मग मृणालीकडून सुई मागून घेतली. गलबताच्या शिडाला कसर लागलेली, तिथले मणी तिने दोन दिवस बसून बसवले, काशीच्या डब्यातलेच. बोटं तिची अगदी काशीसारखी चालतात असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू, धडपडत चालतात. तरी शीड उभं राहिलं. जाताना तिने पाटीबद्दल विचारलं. मी तुझ्यापुढे घातलेली अट मृणालीनेच तिला सांगितली असावी. मी पाटी दाखवली. तिने ती मागून घेतली, ब्रश उचलला आणि त्या दोन ओळी कपाटाच्याच दारावर, आतल्या बाजूने, पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत रंगवल्या. दार लावलं की दिसत नाहीत. उघडलं की पहिल्यांदा त्याच दिसतात.

तेव्हा असं ठरलंय. बाबल्याच्या टेम्पोतून कपाट जसंच्या तसं लग्नाच्या सकाळी हॉलवर येईल, खालचे खण मण्यांसकट. लग्न लागलं की परत येईल, मृणालीचं काम अडतं. धोंडूकडून त्याला नवीन कुलूप बसवून घेतलंय. वरपक्षाची मंडळी जमली, सासूबाई पुढे आल्या, की कपाट उघडायचं. सानवीने सासरी सांगून ठेवलंय की रुखवत तिचे आजोबा उघडतील. वहिनीच्या हातचं आहे ना, असंही ती म्हणाली म्हणे.

तुला काही वाचून दाखवायची गरज उरली नाही. उघडलंस की पुरे. ज्याने लावलंय त्यानेच काढायला हवं, असं काशी म्हणायची.

किल्ली माझ्याकडे आहे, कोटाच्या आतल्या खिशात. रोज सकाळी चाचपून बघतो. हरवायची नाही. हॉलच्या दारात तुझ्याच हातात देईन.

पोचल्याचं कळवावं. तोवर माझी वाट बघत असावं, मीही तुझी बघतो आहे.

तुझा,
हरिदादा