होल्टमान घराणं आणि आपली आई

चिचगड,
१४ डिसेंबर

चि. रीता,

अनेक आशीर्वाद. तू, पॉल आणि छोटी एमा खुशाल असाल. इकडे धानाची मळणी आटोपली, थंडी चांगली पडली आहे. आईचे गुडघे दुखतात, पण ती बसून राहत नाही, तुला ठाऊकच आहे.

तू पाठवलेलं पुस्तक मिळालं. छान छापलंय. 'होल्टमान घराणं : नेब्रास्कातली दीडशे वर्षं', आणि खाली लेखिका म्हणून तुझं नाव. पोस्टमन मुन्नालालनं ते आईच्याच हातात दिलं. तिनं देवाजवळ ठेवलं आणि गल्लीभर सांगून आली, "माह्या पोरीनं पुस्तक लिवलं."

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण आई शेजारीच बसलेली असते, आणि आवाज चढला की तू "ताई, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस. पत्र तरी पूर्ण वाचशील.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा आई वावरात गेलीय, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. आई समोर खाटेवर बसली होती. मी फोन पुढे केला, तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. तू अमेरिकेला गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

का झालं, ते लिहिते.

पुस्तक आल्यापासून आई रोज संध्याकाळी मला वाचायला बसवायची. मी शाळेत सातवीला इंग्रजी शिकवतेच, तेव्हा वाचता वाचता मराठीत सांगायचे. पॉलचे पूर्वज यॉर्ग आणि आना जर्मनीहून जहाजानं आले, उजाड माळावर गवताळ मातीच्या ढेपा रचून घर बांधलं, टोळधाडीनं उभं पीक खाल्लं, घटसर्पानं आनाची दोन लेकरं गेली. आईनं पदर डोळ्यांना लावला. "परक्या मुलखात कोनाच्या गळ्यात पडून रडली असन वो थे?"

मग पहिल्या महायुद्धाचे दिवस. शाळेत जर्मन बोलायला बंदी, आणि म्हातारी आना आपल्याच नातवंडांपुढे मुकी झाली. हे तू इतकं चांगलं लिहिलंयस की ते पान मी पुन्हा वाचून दाखवलं. आणि मग संताप आला. आई कधी व्हिडिओवर एमाला "जेवली का वो माय?" विचारते, तेव्हा ती पोर तुझ्या तोंडाकडे बघते. आनाचं दुःख तुला शंभर वर्षांपलीकडून ऐकू येतं, स्वतःच्या स्वयंपाकघरातलं येत नाही?

आई मध्येच विचारायची, "आमचं कवा येते?"

"येईल," मी म्हणायचे. मला खरंच वाटत होतं.

शेवटच्या पानांवर आलं. होल्टमानांच्या नांगराच्या घोड्यांची नावं तू दिली आहेस, लीझा आणि फ्रिट्झ. वंशवृक्षात पॉलच्या शेजारी मात्र 'रीता, भारतातून'. बस्स. आणि खाली तुझे शब्द : 'या घरात आले तेव्हा सांगण्यासारखी स्वतःची गोष्ट माझ्याकडे नव्हती. ती मला होल्टमानांनी दिली.'

रीता, हे तू कोणत्या तोंडानं लिहिलंस?

इटियाडोहचं धरण झालं आणि आईचं माहेरचं गाव पाण्याखाली गेलं. बैलबंडीवर जातं, हंडे, तिची म्हातारी आजी, आणि आई, तेव्हा लहानशी पोर, मागून शेळ्या हाकत आली. इथं झाडांची खुंटं उपटून त्यांनी धानाच्या बांध्या तयार केल्या. आईचा धाकटा भाऊ त्याच वर्षी तापानं गेला. आनाची ती गोष्ट, आणि ही गोष्ट नाही?

आणि तुझं स्वतःचं? बाबा गेल्यावर केशोराव काकांनी तुझं लग्न ठरवायला पाहुणे आणले. तू बारावीत होतीस. काकांनी परस्पर होकारही देऊन टाकला होता. आई बैठकीत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी शिकून रायली. लगन नाही होत. चहा घ्या न् जा." त्यानंतर किती वर्षं भाऊबंदांनी तिला लग्नकार्यालाही बोलावलं नाही. तू दारामागे उभी होतीस. मी तुझा हात धरला होता.

तुझे ते शब्द मला आईला सांगवले नाहीत. मी म्हटलं, "लिहिलंय, माझी आई सुलोचनाबाई, तिच्यामुळे मी शिकले." दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "माहं नाव इंग्रजीत कसं दिसते, लिवून दे." मला वाटलं, हौस आहे. मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

तो कागद शेजारी ठेवून ती पुस्तकावर बोट फिरवत बसली, रीता. ओळीमागून ओळ. पहिलं अक्षर जुळलं की थांबायची, कागदाशी ताडून बघायची, पुन्हा पुढे. जेवायला हाक मारली तरी उठेना. सगळं पुस्तक संपल्यावर तिनं ते माझ्याकडे दिलं.

"नाही सापडत, शामकला."

"आई, पान चुकलं असेल..."

"तू काऊन खोटं बोलली?" तिचा आवाज चढला नाही. "तिले नसन वाटलं लिवावं. पन तू तिले काही बोलू नोको. येवढ्या दूर एकटी आहे पोरगी."

तिनं सांगितलं म्हणून मी आठवडाभर गप्प राहिले. आता नाही.

फेब्रुवारीत तू सासूबाईंना घेऊन येणार आहेस. जरूर आण, कचारगडची यात्रा दाखव, आमच्या घरी त्यांचं काही कमी पडणार नाही. त्यांच्यापुढे रेकॉर्डर ठेवून तू कित्येक महिने बसलीस, असं प्रस्तावनेत लिहिलंयस. आईजवळ कधी एक दुपार बसलीस? "आई, तू कुठून आलीस?" एवढं तरी कधी विचारलंस?

पुस्तक पुन्हा छापायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण ते वाक्य खोटं आहे, हे आईला तू सांगायचंस. मी नाही, पॉल नाही. आणि आपल्या बोलीत सांगायचंस.

हे पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी फोन कर. मी फोन तिच्यापुढे धरीन. तिनं घेतला तर अंगणात निघून जाईन. नाही घेतला, तर या वेळी आई वावरात गेलीय, असं मी म्हणणार नाही.

सुलोचनाबाईंची थोरली मुलगी,
शामकला